मोहीम आपल्या हाती: रोलप्लेइंग गेमच्या डिजिटल साधनांचा आढावा

दिल्ली-एनसीआरमध्ये टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळायचा, तर पहिली अडचण येते ती पाच माणसं एका ठिकाणी जमवण्याची. एक जण द्वारकेत राहतो, दुसरी नोएडात, तिसरा गुरुग्राममध्ये, चौथा फरिदाबादला आणि पाचवी नोकरीनिमित्त पुण्याला गेलेली. मेट्रोच्या ब्लू लाइनचं द्वारकेचं टोक सोडून नोएडाचं टोक गाठायला दीड तासाहून अधिक वेळ जातो. तीन-चार तासांचा खेळ रंगात येतो तोवर शेवटच्या गाडीची वेळ होते. नोव्हेंबरात हवा बिघडली की प्रदूषण रोखण्यासाठी 'ग्रॅप'चे निर्बंध लागतात, शाळा ऑनलाइन होतात आणि घराबाहेर पडणं नकोसं वाटतं. म्हणून इथे डिजिटल साधनं ही हौसेची भर राहत नाहीत. बहुतेक गटांची मोहीम चालू राहते की तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, हे या साधनांवरच ठरतं.

या खेळाची सुरुवात 1974 मध्ये अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. एक जण गेम मास्टर होतो आणि प्रसंग उभा करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे टाकले जातात. मराठी वाचकाला याची जवळची ओळख हवी असेल तर सिंधुदुर्गातला दशावतार आठवावा. तिथेही लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र नट रंगमंचावर जागीच रचतो. रोलप्लेइंग गेममध्ये शेवटही आधी ठरलेला नसतो आणि तोच त्याचा मोठा आनंद आहे. त्याच पात्रांची गोष्ट अनेक बैठकांतून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं पुढे जाते तेव्हा तिला मोहीम म्हणतात.

मोहीम इतकी लांब चालते म्हणूनच साधनाची निवड महत्त्वाची ठरते. नव्या गेम मास्टरला आज डझनावारी साइट आणि अॅप समोर दिसतात. त्यांपैकी कुठून सुरुवात करावी, या प्रश्नाचं उत्तर या लेखात शोधायचं आहे.

तीन कसोट्या आणि एक नमुना

साधनं पारखताना मी तीन प्रश्न विचारतो. पहिला: ही कंपनी उद्या बंद पडली तर माझ्या मोहिमेचा मजकूर माझ्याकडे राहील का? दुसरा: भारतातून, आपल्या कार्डावर आणि आपल्या इंटरनेटवर हे विनाअडथळा चालतं का? तिसरा: खेळ चालू असताना गेम मास्टरचं लक्ष माणसांकडे राहतं की पडद्यावरच्या बटणांकडे?

पहिला प्रश्न काल्पनिक नाही. गुगल प्लसवर रोलप्लेइंग खेळणाऱ्यांचा जगभरचा मोठा गोतावळा होता. एप्रिल 2019 मध्ये ती सेवा बंद झाली. मे 2025 मध्ये स्काइप बंद झालं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने 2025 च्या सुरुवातीला 'सिगिल' हे त्रिमितीय व्यासपीठ आणलं आणि काही आठवड्यांतच त्यावर काम करणारा बहुतेक चमू कमी केला. एखादी मोहीम तीन वर्षं चालणार असेल, तर तिच्या नोंदी कुणा दुसऱ्याच्या दारात ठेवताना हे लक्षात असावं.

नमुन्यादाखल एक मोहीम डोळ्यांसमोर ठेवू. काळ 1803 चा पावसाळा. दिल्लीवर दौलतराव शिंद्यांचा अंमल आहे, लाल किल्ल्यात दृष्टी गेलेला बादशहा शाह आलम आहे आणि जनरल लेकची इंग्रज फौज अलीगढचा किल्ला घेऊन दिल्लीकडे निघाली आहे. 11 सप्टेंबरला यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ लढाई होते आणि शिंद्यांच्या, फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालच्या पलटणी हरतात. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे. खेळाडूंपैकी एक शिंद्यांचा हरकारा, एक बारगीर, एक फारसी जाणणारा मुन्शी आणि एक चांदणी चौकातली हकिमीण. पत्रं पोचवायची, बातमी काढायची, शहर हातचं जाणार हे कळल्यावर कोणाला वाचवायचं ते ठरवायचं. दिल्लीतल्या मराठी माणसाला ही मोहीम घराजवळची आहे आणि साधनांची परीक्षाही तिच्यावर नीट होते.

भेटणं आणि बोलणं

आवाज स्पष्ट आला नाही तर खेळ होतच नाही, म्हणून सुरुवात इथून करावी. 2015 पासून चालू असलेलं डिस्कॉर्ड आज या खेळाचा मुख्य अड्डा आहे. आवाजाच्या खोलीला वेळेची मर्यादा नाही, स्क्रीन दाखवता येते, आणि विषयवार वेगळे चॅनेल करता येतात: एक गप्पांना, एक मागच्या बैठकीच्या सारांशाला, एक फाशांना. झूमच्या मोफत बैठकीला 40 मिनिटांची आणि गुगल मीटच्या मोफत गटबैठकीला तासाभराची मर्यादा आहे. लढाई रंगात आली असताना बैठक तुटणं खेळाला परवडत नाही.

तारीख ठरवायला व्हॉट्सअॅपचा गट आणि त्यातलं मतदान पुरतं. एखादा खेळाडू अमेरिकेत असेल तर मार्च आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं तासभर सरकतात, आपली सरकत नाहीत. न्यूयॉर्कला रविवारी सकाळी दहा वाजता बसायचं तर आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ होतात. डिस्कॉर्डमध्ये वेळ अशी टाकता येते की प्रत्येकाला ती त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते.

चौघे प्रत्यक्ष टेबलाशी आणि पाचवी पुण्याहून, अशी मिश्र बैठक सर्वांत अवघड. चौघांच्या हसण्याबोलण्यात दूरच्या व्यक्तीला काहीच ऐकू येत नाही. टेबलाच्या मध्यभागी एकच चांगला मायक्रोफोन ठेवावा, बाकी सगळ्यांचे फोन मूक करावेत आणि गेम मास्टरने प्रत्येक फेरीत दूरच्या खेळाडूला आधी विचारावं. ही शिस्त कोणत्याही महागड्या उपकरणाहून अधिक उपयोगी पडते.

नोंदी: मोहिमेचं खरं भांडवल

नवखे लोक नकाशांवर खर्च करतात आणि नोंदींकडे दुर्लक्ष करतात. पण चौथ्या बैठकीत 'त्या हवेलीच्या पहारेकऱ्याचं नाव काय होतं?' असा प्रश्न येतो तेव्हा नकाशा मदतीला येत नाही. कोण कोणाला भेटलं, कोणाला काय वचन दिलं, कोणतं पत्र कोणाच्या हाती आहे हे लिहिलेलं नसेल तर मोहिमेचे धागे सुटत जातात.

इथे दोन वाटा आहेत. वर्ल्ड अॅन्व्हिल आणि कान्का या सेवा तुमच्या जगाचा कोश तयार करून देतात: व्यक्ती, स्थळं, घराणी, कालरेषा, सगळ्यांना एकमेकांशी जोडणारे दुवे. मांडणी देखणी होते. मात्र मजकूर त्यांच्या सर्व्हरवर राहतो आणि रकाने भरण्याच्या नादात खेळाची तयारी मागे पडण्याचा धोका असतो. दुसरी वाट ऑब्सिडियनची. 2020 मध्ये आलेलं हे अॅप मोफत आहे आणि प्रत्येक नोंद तुमच्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं. देवनागरी त्यात नीट चालते, नोंदी एकमेकींना जोडता येतात, आणि उद्या ते अॅपच नाहीसं झालं तरी फाइली कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. पहिल्या कसोटीवर याच्याइतकं खरं उतरणारं दुसरं साधन मला दिसत नाही. संगणकाची सवय नसेल तर गुगल डॉक्स घ्यावं आणि महिन्यातून एकदा त्याची प्रत उतरवून ठेवावी.

नोंदी कशा ठेवाव्यात? पटपडगंजच्या मोहिमेसाठी प्रत्येक व्यक्तीला तीन ओळी पुरतात: तिला काय हवं आहे, तिला कशाची भीती आहे, खेळाडूंशी तिचा शेवटचा व्यवहार काय झाला. प्रत्येक बैठकीनंतर दहा ओळींचा सारांश गटात टाकावा, आणि तो आळीपाळीने खेळाडूंनीच लिहावा. त्यामुळे त्यांना काय महत्त्वाचं वाटलं हे गेम मास्टरला आयतं कळतं.

फासे आणि कॅरेक्टर शीट

डिस्कॉर्डवर फासे टाकणारे बॉट आहेत. त्यांतला 'अॅव्हरे' हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी विशेष प्रसिद्ध. पात्राची सगळी माहिती नोंदवायच्या त्याच खेळाच्या कॅरेक्टर शीटसाठी 2017 मध्ये सुरू झालेली डी अँड डी बियाँड ही साइट सर्वाधिक वापरली जाते. 2022 मध्ये विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रो हिने ती 14 कोटी 60 लाख डॉलरहून अधिक रकमेला विकत घेतली. नवख्याला पात्र बनवताना ती पायरीपायरीने हात धरून नेते आणि मूलभूत नियम मोफत देते. मात्र ऑगस्ट 2024 मध्ये नव्या नियमपुस्तकांच्या तोंडावर कंपनीने जुन्या मंत्रांचा आणि जादुई वस्तूंचा मजकूर लोकांच्या शीटवर परस्पर बदलण्याचं जाहीर केलं होतं. खेळाडूंनी जोरदार विरोध केल्यावर काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला गेला. विकत घेतलेलं पुस्तकही अशा ठिकाणी पूर्णपणे आपलं नसतं, हे त्या प्रसंगाने दाखवून दिलं.

मराठीत खेळणाऱ्यांसाठी गुगल शीट्समधली सामायिक शीट उत्तम. तयार पीडीएफ फॉर्ममध्ये देवनागरी भरली की बऱ्याचदा जोडाक्षरं तुटतात. शीट्समध्ये ती अडचण येत नाही, आणि खेळाडूच्या फोनवरही ती उघडते. आणि प्रत्यक्ष फासे टाकण्याची हौस असेल तर प्रत्येकाने आपापल्या घरी फासे टाकून आकडा सांगावा. जिथे मित्र खेळत आहेत तिथे विश्वास पुरतो.

नकाशा आणि व्हर्च्युअल टेबलटॉप

आता बाजारातल्या सर्वांत गजबजलेल्या भागाकडे येऊ. व्हर्च्युअल टेबलटॉप म्हणजे पडद्यावर सगळ्यांना एकाच वेळी दिसणारा पट: नकाशा, त्यावर पात्रांची टोकनं, न पाहिलेला भाग झाकणारं धुकं, फासे आणि लढाईतल्या पाळ्यांचा क्रम.

फँटसी ग्राउंड्स 2004 पासून आहे, आणि नियमांची आकडेमोड स्वतः करण्यात ते जुनंजाणतं. शिकायला वेळ लागतो. रोल20 हे 2012 मध्ये किकस्टार्टरवरच्या लोकवर्गणीतून उभं राहिलं. ब्राउझरमध्ये चालतं, मोफत खात्यावर सुरुवात होते, आणि शेकडो खेळांच्या शीट तयार मिळतात. भिंतीआड काय दिसेल ते आपोआप ठरवणारी प्रकाशयोजना मात्र सशुल्क आहे, आणि उभी केलेली मोहीम तिथून उचलून दुसरीकडे नेण्याची सरळ सोय नाही. 2019 मध्ये या साइटवरच्या सुमारे 40 लाख खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं होतं. अशा कुठल्याही साइटवर वेगळा पासवर्ड ठेवावा, हा त्यातला साधा धडा.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि जगभरची टेबलं एकदम पडद्यावर आली. त्याच वर्षी दोन महत्त्वाची साधनं आली. फाउंड्री मे 2020 मध्ये बाजारात आलं. 50 डॉलर एकदाच भरायचे, तेही फक्त गेम मास्टरने; खेळाडू ब्राउझरमधून येतात. सगळी मोहीम तुमच्याच संगणकावरच्या फोल्डरमध्ये राहते, आणि स्वयंसेवकांनी बनवलेल्या जोडण्यांनी ते हवं तसं वाढवता येतं. दुसरं आउलबेअर रोडिओ, ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी बनवलेलं. नकाशाचं चित्र चढवायचं, टोकनं ठेवायची, दुवा पाठवायचा. खेळाडूंना खातं उघडावं लागत नाही. नियमांची आकडेमोड ते करत नाही, ती माणसांवर सोडतं.

यांतलं कोणतं घ्यावं? निर्णय तुम्ही कोणता खेळ खेळता यावर ठरतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' किंवा 'पाथफाइंडर'सारखा भरपूर नियमांचा, छापील साहस हाताशी असलेला खेळ वर्षभर चालवायचा असेल तर फाउंड्रीवरची मेहनत वसूल होते. शेकडो नियमांची आठवण यंत्र ठेवतं. पण पटपडगंजची मोहीम स्वतः रचलेली आहे. तिच्यासाठी तयार आकडेमोड कुठेच नाही आणि बहुतेक प्रसंग बोलण्याचे आहेत: मुन्शीने किल्लेदाराला पटवणं, हकिमिणीने निरोप लपवून नेणं. नकाशा लागतो तो लढाईच्या दिवशी, तोफांची रांग आणि यमुनेचा काठ दाखवायला. तिथे आउलबेअर पुरून उरतं.

नकाशे आणायचे कुठून? डायसन लोगोस या चित्रकाराच्या संकेतस्थळावर हाताने काढलेले कितीतरी नकाशे मोफत मिळतात. खऱ्या जागेवर खेळायचं तर ओपनस्ट्रीटमॅपचा खुल्या परवान्यातला नकाशा घ्यावा. एनसीआरइतकं तयार दालन क्वचितच कुठे सापडेल: 1321 च्या सुमारास बांधायला घेतलेला तुघलकाबादचा किल्ला, अग्रसेनची बावली, जिथे लोक आजही गुरुवारी जिनांना अर्जाच्या चिठ्ठ्या लिहितात तो फिरोजशाह कोटला. शनिवारी तिथे जाऊन फोटो काढावेत, रविवारी तेच खेळाडूंना दाखवावेत.

आपल्याकडच्या अडचणी

परदेशी मार्गदर्शिका ज्यांचा उल्लेख करत नाहीत अशा काही गोष्टी इथे रोजच्या आहेत.

पैशाची पहिली. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाची नोंदवलेली संमती आणि आगाऊ सूचना लागते. अनेक लहान परदेशी सेवांकडे ती व्यवस्था नाही, त्यामुळे वर्गणी मध्येच अडते. परदेशी डिजिटल सेवांवर 18 टक्के जीएसटीही लागतो. म्हणून एकदाच पैसे भरून घेता येणारी किंवा मोफत साधनं भारतात अधिक सोयीची.

दुसरी इंटरनेटची. फाउंड्री तुमच्या घरच्या संगणकावरून चालवायचं तर बाहेरच्यांना तिथवर पोचता आलं पाहिजे. आपल्याकडच्या अनेक कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. उपाय तीन: कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घेणं, क्लाउडफ्लेअर टनेलसारखी सेवा वापरणं, किंवा 'द फोर्ज'सारख्या ठिकाणी फाउंड्री भाड्याने ठेवणं. यांपैकी एकही जमण्यासारखं नसेल तर फाउंड्री तूर्त बाजूला ठेवावं. उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर जोडून घेणं हेही तयारीचाच भाग.

तिसरी फोनची. अनेक तरुण खेळाडूंकडे लॅपटॉप नसतो. फाउंड्री फोनच्या पडद्यासाठी बनलेलं नाही, मोठे नकाशे फोनवर त्रासदायक होतात. ज्या गटात एक जरी खेळाडू फक्त फोनवर असेल, त्या गटाने डिस्कॉर्ड आणि शब्दांतून उभं केलेलं दृश्य यावरच खेळावं. साधनामुळे एक मित्र गळणार असेल तर ते साधन आपल्या गटाचं नाही.

मुलं, पालक आणि सुरक्षितता

डिस्कॉर्डवर किमान वय 13 आहे. त्याहून लहान मुलांचा खेळ घरच्या टेबलावरच व्हावा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. रोलप्लेइंगमध्ये पैज नसते, जिंकण्याची रक्कम नसते. ही गोष्ट पालकांना नीट समजावून सांगावी आणि एखाद्या बैठकीला त्यांना बसवून घ्यावं.

मोठ्यांच्या खेळातही काळजी लागते. लढाई, लूट, फाळणीसारखे विषय कोणाच्या घरातल्या आठवणींना स्पर्श करतील हे सांगता येत नाही. म्हणून पहिल्या बैठकीआधी 'सेशन झीरो' ठेवावं: कोणते विषय नकोत, कोणते आडून सुचवले तर चालतील ते बोलून घ्यावं. जॉन स्टाव्हरोपोलस यांचं 'एक्स कार्ड' ऑनलाइन तर आणखी सोपं आहे. चॅटमध्ये नुसता एक्स लिहिला की तो प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. बैठक रेकॉर्ड करायची किंवा एखाद्या एआय साधनाकडून तिचा सारांश काढून घ्यायचा, तर आधी सगळ्यांची परवानगी हवी. नावं सुचवायला एआय उपयोगी पडतं. पण किल्लेदार फितूर होईल की नाही हे टेबलानेच ठरवावं.

सुरुवातीचा क्रम

या सगळ्यातून माझा सल्ला असा. पहिल्या महिन्यात डिस्कॉर्ड, एक सामायिक शीट आणि नोंदींच्या साध्या फाइली, एवढ्यावर एका बैठकीत संपणारं साहस खेळावं. दुसऱ्या महिन्यात, लढाईत कोण कुठे उभं आहे यावरून वारंवार गोंधळ होत असेल तरच आउलबेअर आणावं. तीन-चार महिन्यांनी मोहीम टिकली आणि नियमांची आकडेमोड खेळ अडवू लागली, तर फाउंड्री किंवा रोल20 पाहावं. प्रत्येक साधन एखादी जाणवलेली अडचण सोडवण्यासाठी यावं, आणि नोंदींची प्रत कायम आपल्या संगणकावर असावी.

शेवटी एक मोठी संधी. जानेवारी 2023 मध्ये विझार्ड्सने इतरांना आपले नियम वापरू देणारा जुना परवाना बदलण्याचा प्रयत्न केला तेव्हा खेळाडूंनी इतका विरोध केला, की कंपनीला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यात द्यावे लागले. श्रेय दिलं की कोणीही त्यांचं भाषांतर करून ते छापू शकतो, विकूही शकतो, आणि दिलेला परवाना परत घेता येत नाही. योखाई गाल यांचा 'केर्न' हा छोटासा खेळही खुल्या परवान्यात आहे: ताकद, चपळाई आणि मनोबल हे तीनच गुण, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आकडा गुणाइतका किंवा त्याहून कमी आला की जमलं.

म्हणजे मराठीत नियमपुस्तिका काढायला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये 98 वं साहित्य संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर भरलं. त्याच तालकटोऱ्यावर 1737 मध्ये पहिल्या बाजीरावांच्या फौजेचा तळ पडला होता. या शहरात मराठी शाळा आहे, महाराष्ट्र सदन आहे, दर सुट्टीत मुलांनी मराठी बोलावी म्हणून झटणारे पालक आहेत. दोन-तीन तास सलग मराठीत बोलायला, विनवायला, धमकावायला, युक्तिवाद करायला लावणारा याच्यासारखा खेळ मला दुसरा माहीत नाही. एनसीआरमधल्या एखाद्या गटाने 'केर्न'चे नियम मराठीत आणावेत, पटपडगंजची किंवा आपल्या आवडीची मोहीम त्यासोबत लिहावी आणि ती साध्या मजकुराच्या फाइलीत, त्याच खुल्या परवान्याखाली सर्वांना द्यावी. पुणे, बेळगाव, इंदूर किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांना मग सुरुवात करायला एक फाइल आणि एक फोन पुरेल.